पंपाला एक झाकण

कांद्याची पात पाणी धरत नाही. तिच्यावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे थेंब पडला की त्याची गोळी होते आणि ती घरंगळत बुडाशी जाते. वीस वर्षं कांदा पिकवूनही मी हे नीट पाहिलं नव्हतं. त्या वर्षी कांदा पोसायच्या वेळीच फुलकिडे आले. डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण पातीतला रस शोषून घेतात, आणि पात गेली की खाली कांदा भरत नाही. नवऱ्यानं पाठीवर पंप घेऊन महागाचं औषध फवारलं. मी मागून पाहत गेले. औषध पातीवर नव्हतं, मातीत होतं.

एक पात घेऊन मी चिखलीला औषधाच्या दुकानात गेले.

"काकू, संग स्टिकर टाकलं होतं का?" दुकानदारानं विचारलं.

"औषधावर आखीन औषध इकायचे धंदे हायेत तुमचे."

त्यानं चहाच्या कपात पाणी घेतलं, त्यात स्टिकरचा, म्हणजे औषध पातीला चिकटवून ठेवणाऱ्या द्रवाचा, एक थेंब घातला आणि ते पाणी माझ्या पातीवर सोडलं. या वेळी गोळी झाली नाही. थेंब बसला, थोडा पसरला, तिथंच राहिला.

"पंपाले एक झाकण," स्टिकरच्या बाटलीचं झाकण दाखवत तो म्हणाला.

मला पटलं होतं. पण पटलेलं दुकानात दाखवायचं नसतं. टोपलीतून मेथी विकून मी हे एकरभर वावर घेतलं आहे, आणि पहिला सांगितलेला भाव आयुष्यात कुणाला दिलेला नाही. मी एका बाटलीच्या भावात दोन मागितल्या. भांडायची पूर्ण तयारी होती.

"घ्या, काकू," तो म्हणाला.

तेव्हाच संशय यायला हवा होता. इतक्या लवकर कोणी हरत नाही.

वावरात मी पंपात तीन झाकणं ओतली.

"त्यानं एक सांगतलं ना?" नवरा म्हणाला.

"मंग बाटल्या दोन काऊन देल्या?"

तो पंप पाठीवर घेऊन फवारायला लागला. पात तेल लावल्यासारखी चमकू लागली. मी बांधावर बसून समाधानानं चहा प्याले.

चार दिवसांनी किडे जागच्या जागी होते आणि पातीचे शेंडे करपले होते. मी पुन्हा दुकानात गेले, पात काउंटरवर टाकली. दोन गिऱ्हाइकं होती, ती थांबली.

"झाकणं किती टाकले?"

"तीन."

त्यानं पात उभी धरली, कपात स्टिकर जास्त घालून ते पाणी वरून सोडलं. थेंब पसरला, पातळ झाला आणि सरळ खाली वाहून काउंटरवर उतरला.

"गोळी झाली तरी पयते, लय पसरला तरी पयते," तो म्हणाला.

"काकू, वावराले आंघोळ घातली काय?" एक गिऱ्हाईक म्हणालं.

"तू तुह्या वावराचं पाह्य." मग मी दुकानदाराकडे वळले. "दोन बाटल्या मले देल्याच काऊन?"

"तुमीच मांगतल्या."

"मी मांगीनच. तुमी नाही म्हनाले पाह्यजे होतं."

"तुमाले नाही म्हनाची माही हिंमत नाही, काकू."

गिऱ्हाइकं हसली. मी नाही.

उरलेल्या बाटलीतून पंपाला एकच झाकण टाकून पुन्हा फवारलं. किडे गेले. कांदा निघाला, पण बारीक. बाजारात मलाच त्याचं कौतुक करावं लागलं. चूक झाकणांची होती, ती माझी, हे मी मान्य करते. पण एक बाटली पुरते हे ज्याला माहीत आहे, त्यानं दुसरीसाठी भांडायला हवं होतं. हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

पुढच्या वर्षी मी एकच बाटली मागितली. त्यानं न मागता भाव कमी केला. मी अर्धा तास भांडले आणि पूर्ण भाव देऊन आले.