आई मागे चालली तो दिवस

नव्या रबराचा वास आला की मला भंडाऱ्यातलं ते व्यायाम केंद्र आठवतं. लकव्यानंतर आईला तिथे चालायला शिकवणाऱ्या यंत्रात उभं करायचे. कमरेला रबरी पट्टे, पायांना लोखंडी पाय, आणि समोरच्या पडद्यातून एक गोड बाई सारखी म्हणायची, "छान. आता उजवं पाऊल पुढे टाका." ते पाऊल काही हलेना. तिसऱ्या आठवड्यात तिथली डॉक्टरीण मला हळूच म्हणाली, "काका, आता चाकांची खुर्ची घेऊन टाका." मी शिकलेला माणूस, लगेच मान डोलावली. आईनं ऐकलंच. "सोड हे पट्टे," ती म्हणाली. मी समजावलं, "माय, मशीनचं आयक ना, तिले सारं समजते." "तिनं कधी रोवणा केला काय? चाळीस वर्सं चिखलात मांगं मांगं चालली मी, अन् हे मले पुढंच चाल म्हणून राहिली." पट्टे सुटले, लोखंडी पायही निघाले. माझे दोन्ही हात धरून ती वाकली आणि रोवण्यात धानाची रोपं लावत बाया सरकतात तशी मागे सरकली. आधी डावा पाय, मग उजवा, घासत का होईना, पण आपला आपण. रिकाम्या यंत्रातली बाई "पाऊल पुढे टाका" म्हणतच होती. भिंतीला पाठ टेकल्यावर आई धापा टाकत म्हणाली, "खुर्ची तुलेच घे बसाले." आता माझे गुडघे कुरकुरतात, आणि तसल्याच यंत्रात उभा राहून ते सांगेल तसा मी निमूट पुढे चालतो, मी काही कधी रोवणा केला नाही.