बारदाना वजा

महबूबभाईने उभ्या हयातीत 'एक' हा आकडा तोंडातून काढला नाही. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं आणि मग दोन, तीन, चार, ही मापाड्यांची जुनी रीत आहे. ती सगळेच पाळतात. पण बाकीचे मापाडी काट्यावरून उठले की माणसासारखे बोलत. महबूबभाई हॉटेलात बसला तरी सांगे, "लाभ चहा, दोन बशा." एसटीत बसला की, "लाभ औसा द्या." कंडक्टर नवा असला तर त्याच्या तोंडाकडे बघत राही.

"लेकरं किती, महबूबभाई?" कुणी विचारलं की उत्तर यायचं, "लाभ. अन्वर."

हा अन्वर शाळेवर शिपाई होता, कायम इस्त्रीचे कपडे घालणारा माणूस. बापाचं हे बोलणं त्याला चारचौघांत फार लागायचं. तो म्हणे, "अब्बा, एक म्हणा की. सगळं जग एकच म्हणतं." महबूबभाई शांतपणे म्हणे, "म्हणू दे जगाला. एक म्हणलं की माल तिथंच संपल्यावाणी वाटतं बाबा. लाभ म्हणलं की पुढं दोन यावंच लागतं."

लातूर उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झाला, त्याच सुमारास महबूबभाई आणि मी लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कामाला लागलो. मी निलंग्याकडचा, चौथी नापास, अंगात मात्र बैलाची ताकद. जिल्हा नवा, कलेक्टर नवा आणि आमचे बिल्लेही नवे. त्याला मापाड्याचा मिळाला, मला हमालाचा. तो जोखायचा, मी उचलायचो. क्विंटलाचं पोतं पाठीवर पडलं की मी वजन सांगायचो, मग तो काटा बघायचा. किलोभर इकडेतिकडे झालं तर चहा माझ्याकडे. मी फार चहा पाजलेला नाही.

त्याच्या तोंडचा दुसरा मंत्र होता 'बारदाना वजा'. माल पोत्यासकट काट्यावर चढतो, म्हणून वजन झालं की रिकाम्या पोत्याचं वजन त्यातून कापायचं. ते रिकामं पोतं म्हणजे बारदाना. घेणाऱ्याने मालाचे पैसे द्यावेत, गोणपाटाचे नाहीत. इतका सरळ कायदा आहे, आणि जगात सगळीकडे तो असाच असणार याबद्दल आम्हा दोघांच्या मनात कधी शंका आली नाही. तिथेच आमचं हसं झालं.

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या दुष्काळातली गोष्ट. मोंढ्यात माल येईना. काट्यावर चिमण्या बसू लागल्या. महबूबभाई रोज येऊन काटा पुसायचा, त्यावर स्वतः उभा राहायचा आणि म्हणायचा, "आज दोनशे ग्रॅम कमी भरून राहिलो."

माझी लेक सुनंदा मस्कतला दवाखान्यात नर्स आहे. तिची आई गेली तेव्हा तिला रजा मिळाली नाही. मातीला येता आलं नाही. वर्षाने तिने मला तिकीट पाठवलं आणि फोनवर म्हणाली, "अण्णा, बाकी काही आणू नका. आईचा खलबत्ता तेवढा आणा." एवढं बोलून तिने फोन ठेवला. आमच्या घरचा तो लोखंडी खलबत्ता सात किलोचा होता. त्यात कुटलेल्या काळ्या मसाल्यावर ती वाढली होती.

आता लेकीकडे निस्तं लोखंड घेऊन जातात होय? ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी, काळा मसाला, नातवाला वाकळ. ज्वारी तर त्या वर्षी औषधाला मिळत नव्हती. महबूबभाईने स्वतःच्या घरातली दहा किलो आणून दिली. मी नको म्हणालो तर म्हणाला, "तुला कोण दिऊन राहिलं? सुनंदाला दिऊन राहिलो. तू हमाल, पोचीव."

तिकिटावर लिहिलं होतं, सामान तीस किलो, हातात सात किलो. महबूबभाईने तिकीट तीनदा वाचून घेतलं, चौथ्यांदा उलटं धरून बघितलं आणि माझी नवी कोरी बॅग मोंढ्यातल्या काट्यावर चढवली.

"लाभ," तो म्हणाला. कित्येक दिवसांत त्या काट्यावर काही चढलं नव्हतं. "साडेचौतीस. बॅग रिकामी किती?"

"साडेचार."

"बारदाना वजा. तीस. एक तोळा जास्त न्हाई, एक तोळा कमी न्हाई."

मी म्हणालो, "महबूबभाई, एक म्हणालास की."

"ते तोळ्याचं होतं," तो म्हणाला, "मापाचं न्हाई."

हैदराबादपर्यंत तो सोबत आला. बॅगेला धूळ लागू नये म्हणून त्याने ती एका सुतळी पोत्यात घातली होती. विमानतळाच्या दारात त्याने बॅग बाहेर काढली, पोतं घडी करून काखेत मारलं आणि काचेच्या बाहेर उभा राहिला. आत फक्त तिकीटवाल्याला सोडतात.

आतल्या मुलीने बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली. आकडे लाल होऊन थांबले, साडेचौतीस. मला आनंद झाला. तीनशे किलोमीटरवर येऊन आमचा काटा तंतोतंत जुळला होता.

"अंकल, साडेचार किलो जादा है," ती म्हणाली.

"जादा नहीं बेटी. बारदाना काटो."

"क्या काटो?"

मी तिला बारदाना समजावून सांगितला. ती ऐकून घेत होती, मागची रांगही ऐकत होती. मग ती म्हणाली की बॅगेचं वजनही सामानातच धरतात, आणि जादा किलोचे पैसे भरावे लागतील. किलोमागचा आकडा ऐकून मी तिला विचारलं की हे सामानाचं भाडं आहे की विमानाची किंमत. ती हसली, पण आकडा कमी झाला नाही. पैसे घरून आधी भरले असते तर स्वस्त पडलं असतं, ऐन वेळेला दर चढा असतो, असं तिने सांगितलं. पैसे माझ्या खिशात होते. पण ज्या वजनाचे पैसे आमच्या मोंढ्यात कुणी कधी घेतले नाहीत ते मी भरणार नाही म्हणजे नाही. मी फेरमाप मागितलं. तिने बिचारीने दुसऱ्या पट्ट्यावर घातलं. तिथेही साडेचौतीस.

"लोहे का जो है वो निकाल दो, अंकल. आराम से बैठ जाएगा."

खलबत्ता काढा म्हणत होती. मी तो हातात घेऊन जाऊ का विचारलं, तर बत्ता डोक्यात घालण्याजोगा असल्याने आत नेता येत नाही म्हणाली. मग राहिलं पीठ, आणि हातातली पिशवी तर आधीच सात किलो भरलेली. पण ते पीठ महबूबभाईच्या घरातलं, त्या सालातलं. मी बॅगेवर हात ठेवून उभा राहिलो. खलबत्त्याशिवाय मस्कतला उतरलो तर सुनंदाला काय सांगणार होतो, कायदा बदलला म्हणून?

मी महबूबभाईला फोन लावला. काचेपलीकडे तो मला दिसत होता, फोन कानाला लावून माझ्याकडेच बघत होता. मी सगळं सांगितलं.

"भिवा, जिंदगीत पहिल्यांदा माझं माप चुकलं."

"माप न्हाई चुकलं. साडेचौतीसच आलं."

"खरं सांगतोस?"

"दोन काट्यांवर."

काचेपलीकडे त्याची मान सरळ झाली. "मग हे लोक बारदाना धरून राहिलेत व्हय? मग बारदानाच फेक की. माल तीसच हाय. ये भायेर."

त्या मुलीने एक माणूस सोबत देऊन मला दारापर्यंत सोडलं. महबूबभाईने काखेतलं पोतं झटकलं, सदऱ्याच्या खिशातून दाभण आणि सुतळी काढली. दाभणाशिवाय मापाडी घराबाहेर पडत नाही. चकचकीत फरशीवर आम्ही दोघांनी बॅग रिकामी केली. तळाला वाकळ, मधे खलबत्ता, भोवती पीठ, वर कपडे. मी तोंड धरलं, त्याने शिवलं. लोक थांबून बघत होते. पोत्याला दोन्ही टोकांना कान काढून तो म्हणाला, "बारदाना नऊशे ग्रॅम हाय. तेवढं अंगावर चढीव." मग मी एका सदऱ्यावर दुसरा सदरा आणि त्यावर लोकरीचं स्वेटर घातलं. ऐन उन्हाळ्यात. पोतं परत पट्ट्यावर ठेवलं, आकडे थांबले, तीस.

मुलीने आपल्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी शिवण ओढून बघितली, फुटलं तर जबाबदारी आमची नाही म्हणून माझी सही घेतली. मी अंगठा नाही, सही केली. मग त्यांनी विचारलं, "सिया किसने?" मी काचेकडे बोट केलं. साहेबांनी महबूबभाईला मान झुकवून दाद दिली. त्याने सलाम केला.

पुढच्या तपासणीत माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली अडवली. पाणी आत नेता येत नाही, टाकून द्या म्हणाले. लातूरचा माणूस त्या वर्षी पाणी टाकणार होता होय? तीन कपडे अंगावर घेऊन तिथेच उभा राहून मी एक लिटर पाणी प्यालो, आणि रिकामी बाटली त्यांना दिली. बारदाना.

मस्कतला सामानाच्या पट्ट्यावर चाकांच्या बॅगा फिरत आल्या आणि त्यांच्यामधून आमचं पोतं आलं, एक टाका न उसवता. सगळे ढकलगाड्या शोधत होते. मी पोतं पाठीवर टाकलं आणि बाहेर निघालो. सुनंदा लांबून बघत होती. जवळ आल्यावर तिने आधी मला नाही, पोत्याला हात लावला. आतलं लोखंड तिच्या हाताला लागलं. मग ती तिथेच खाली बसून रडली. मीही मग घाम पुसायच्या निमित्ताने स्वेटर काढलं.

तीन महिन्यांनी परत येतो तर मोंढ्यातल्या पत्र्याखाली गर्दी. महबूबभाईने माझी रिकामी बॅग परत आणून काट्याशेजारी टांगली होती आणि अन्वरकडून तिच्यावर लिहून घेतलं होतं, 'रिकामी साडेचार'. दुबईला, मस्कतला जाणारी माणसं उदगिराहून, देगलूरहून, नांदेडहून बॅगा घेऊन येत. तो आधी बॅग ओतायला लावायचा. "पयले रिकामं पोट जोखा. माणूस म्हणतो मी तीस किलो निऊन राहिलो, अन् पाच किलो चाकंच निऊन राहतो." जादा होत असेल तर, "घरून भर. घरून भरला तो भाव, दारात भरला तो दंड." दर विमानाचा कायदा वेगळा, म्हणून प्रत्येकाचं तिकीट अन्वरकडून वाचून घ्यायचा. मोबदला म्हणून लाभ चहा. भोकरचे एक गुरुजी म्हणाले, मागच्या खेपेला चाळीस चाललं होतं. महबूबभाई म्हणाला, "गुरुजी, मागच्या साली पाऊस बी पडला होता."

एके दिवशी अन्वरने कुणाचं तरी तिकीट वाचताना सांगितलं की बत्तीस किलोच्या वरचा एक नग घेतच नाहीत, कितीही पैसे द्या.

"का?" महबूबभाईने विचारलं.

"उचलणाऱ्याच्या कंबरेसाठी, अब्बा."

महबूबभाईने हातातलं दाभण खाली ठेवलं. मग माझ्याजवळ येऊन त्याने माझ्या पाठीवर, मणका बाहेर आलेला आहे तिथे, हात ठेवला.

"आपल्याला कुणी बत्तीस म्हणालं न्हाई रे, भिवा. मीच शंभर जोखून तुझ्यावर टाकत होतो."

"मी नको म्हणालो होतो का," मी म्हणालो. आणि खाली ठेवलेलं दाभण उचलून त्याच्या हातात दिलं.

पुढे पाऊस पडला, सोयाबीन आलं, काट्याला पोती दिसली. तोवर महबूबभाई उतरत चालला होता. आजार पोटाचा होता. मी रोज दुपारी जाऊन बसायचो. एकदा मी त्याला कुशीवर वळवायला उचललं आणि सवयीने तोंडातून गेलं, "बेचाळीस." तो हसला.

"बरोबर. माल निघून राहिला. बारदाना राहील."

मी म्हणालो, "तिकडं बारदाना धरतात का वजा करतात, विचारून ठिव. न्हाईतर दारात दंड पडंल."

"तिकडं निस्ता माल घेतात," तो म्हणाला. "बारदाना भायेरच ठेवायचा. हैदराबादला शिकलो की आपण."

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर त्याला मातीला नेलं. मी खांदा दिला. माझ्या खांद्याने वजन सांगितलं, पण ते मी कुणाला बोललो नाही. कब्रस्तानात आलेल्या प्रत्येकाने तीन तीन मुठी माती द्यायची असते. जुना माणूस म्हणून अन्वरने मला पुढे केलं, आणि माझ्या शेजारी तो स्वतः ओंजळ भरून बसला. मी पहिली मूठ सोडली आणि ओठातल्या ओठात म्हणालो, "लाभ."

वाटलं, कुणी ऐकलं नसेल. शेजारून इस्त्रीचा सदरा मातीत टेकवून अन्वरने आपली मूठ सोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"दोन."