पोस्टमास्तरचा प्रबंध

माझ्या भाचीला तिच्या मैत्रिणी पोस्टमास्तर म्हणायच्या. वर्गातल्या निम्म्या जणींचे अहवाल तिच्याच हातून विद्यापीठाच्या पोर्टलवर चढायचे. त्या पोर्टलला एक खोड होती. मुदत जवळ आली की ते अडून बसायचं. चाक नुसतं फिरत राहायचं, नाहीतर पान पांढरंफटक पडायचं. त्याला गोंजारणं म्हणे फक्त हिलाच जमायचं. म्हणून सगळ्याजणी आपापले पासवर्ड हिला देऊन मोकळ्या व्हायच्या आणि ही बसायची माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरपुढे. माझं दुकान विद्यापीठाच्या फाटकासमोर, झेरॉक्स आणि बाइंडिंगचं. मी म्हणायचो, "लष्करच्या भाकऱ्या भाजतेयस." ती हसायची. "मामा, मी त्यांच्याबरोबर कुठे हिंडायला जाते? एवढं केलं की निदान धरून तरी ठेवतात."

तेही खरंच होतं. आमच्याकडे राहून ती वर्षभर गच्च्या चढत होती. जुन्या इमारतींच्या टाक्यांतलं पाणी पिण्याजोगं आहे का, हा तिच्या प्रबंधाचा विषय. आमच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी त्या पाण्याच्या बाटल्या. "एक दिवस कुणीतरी याचा चहा करेल," असं करवादत तिची मामीच त्यांना जागा करून द्यायची. कुणाचा वाढदिवस असो, सहल असो, हिचं उत्तर एकच: "मुदत झाली की येते." आणि एक मुदत संपायच्या आत दुसरी दारात. याच वर्षी पदवी हातात पडली तर एका प्रयोगशाळेत नोकरी ठरली होती. शिवणकामाने माझ्या बहिणीची नजर पार अधू झालीय. लेक नोकरीला लागली की मशीन बंद करायचं, असं मायलेकींचं ठरलं होतं.

शेवटच्या मुदतीच्या संध्याकाळीच निरोपाची पार्टी होती. मैत्रिणी नटूनथटून दुकानाच्या पायरीवर उभ्या. पुढे बडबडी, हिची जिवाभावाची मैत्रीण. "चल ना गं पोस्टमास्तर! आज नाही आलीस तर बोलणार नाही तुझ्याशी!" हिने सगळ्यांचे प्रबंध चढवले, मग बडबडीचा, आणि रिवाजाप्रमाणे स्वतःचा शेवटी. बडबडीच्या वेळी पोर्टल अडलं, पांढरं पडलं. चढला असं समजून हिने तिचं खातं बंद केलं आणि स्वतःचा पासवर्ड घातला. 'स्वीकारला' असं आलं. एरवी प्रत्येकीचं खातं पुन्हा उघडून बघणारी ही पोरगी, पण बडबडीचं आणि स्वतःचं बघायचं तेवढं राहिलं, कारण बडबडी तिला दंडाला धरून ओढत होती.

सकाळी हिच्या खात्यात 'प्राप्त नाही'. बडबडीचं खातं बंद झालंच नव्हतं. टाक्यांचा प्रबंध तिच्या खात्यात जाऊन बसला होता आणि तिचा स्वतःचा कुठेच नव्हता. तपासणाऱ्याला ओळख कळू नये म्हणून पोर्टलवरच्या प्रबंधावर नाव घालायचं नाही, असा नियम. ज्याच्या खात्यात, त्याचा.

मी तिला घेऊन कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, "सिस्टीममध्ये नाही म्हणजे नाही."

"तुमची सिस्टीम रोज लोळण घेते, त्याचं काय?" मी आवाज चढवला.

"तक्रार करा की. पण ही दुसरीच्या खात्यात कशी शिरली, हेही विचारतील. पासवर्ड दिला-घेतला की दोघींचा निकाल रद्द. आणखी कुणाचे चढवलेत गं तू?"

भाचीने माझी बाही ओढली. "चला मामा."

बाहेर मी भडकलो. "अगं, सांगून टाक ना खरं!"

"सगळ्याच बुडतील, मामा. आणि माझं वर्ष तरीही जाणारच."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. राग कुणावर काढावा तेच कळेना. मैत्रिणींनी ग्रुपवर लिहिलं होतं, 'टेन्शन नको घेऊस', आणि वर पार्टीचा फोटो. त्यात ही खदखदून हसतेय. "छान आलाय ना?" असं म्हणाली आणि फुटपाथवरच रडायला लागली.

प्रयोगशाळेने दुसरी मुलगी घेतली. मी बहिणीला फोन केला. ती "असू दे रे" म्हणत होती आणि मागे मशीन चालूच होतं.

मग एका दुपारी बडबडी दुकानात आली. एरवी तोंडाला खळ नसणारी पोर, आज नुसतं "बांधून हवंय" म्हणाली. पोर्टलवर जे स्वीकारलं तेच मग नाव घालून, बांधून जमा करायचं असतं. तिच्या हातात टाक्यांचा प्रबंध होता.

"दुसरं दुकान बघ," मी म्हणालो.

भाची कॉम्प्युटरपुढून उठली. "असू दे मामा. बाकीचे पानं उलटसुलट लावतात."

पानं तिनेच जुळवली, पुठ्ठा चढवला. अक्षरांचे खिळे एकेक करून शोधले, तापवले आणि मुखपृष्ठावर सोनेरी नाव दाबलं. बडबडीचं खरं नाव मला त्या दिवशी कळलं.

बडबडी रडत होती. "मी काय करू गं? सांग ना."

"वाचून काढ. तोंडी परीक्षा आहे तुझी." भाचीने स्टूल पुढे सरकवलं आणि प्रबंध उघडला. "बस इथे. आधी बाटल्या कशा भरल्या ते विचारतील."