उंटअळीचं घराणं

“अहो बाई, अंग काडीसारखं, रुंद पंख भिंतीला चिकटवून बसतो. हा उंटअळीच्या घराण्यातला!”

“नुसत्या पंखांवर जाऊ नका साहेब. तसे पंख दुसऱ्या घराण्यांतही सापडतात.”

साहेब आणि बाई, दोघे कीटकतज्ज्ञ, आणि वाद होता टाचणीने टोचलेल्या एका करड्या पतंगाचा. त्याला कुठल्या खणात ठेवायचं? संग्रहालयातल्या मावशी तिथेच केर काढत होत्या. खणांतल्या डांबरगोळ्या बदलायचं कामही त्यांचंच. त्यांना राहवलं नाही.

“पण याची अळी चालते कशी, ते बघितलंय का कुणी?”

“मावशी, तुम्ही केर काढा,” साहेब म्हणाले. बाई मात्र म्हणाल्या, “बरोबर विचारतायत त्या.”

झालं! मावशींनी मनाशी खूणगाठ बांधली. घरामागच्या गुलाबाजवळ असलेच पतंग बसत. एक मादी धरून बरणीत ठेवली. तिने अंडी घातली, अळ्या निघाल्या आणि तीन दिवसांत सगळ्या आडव्या.

लेक म्हणाली, “आई, डांबरगोळ्यांच्या हातांनी पाला घालतेस. जगतील होय त्या?”

कीड मारायचा हात, आणि निघाला होता कीड पोसायला!

मावशी हटल्या नाहीत. पुढच्या साली नवी बरणी आणली. आधी हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे, मगच पाला. या खेपेला अळ्या वाढल्या. पुढे सहा पाय, पार मागे चार, मधे नुसतं पोट. मग चालणार कशी? मागचं टोक पुढे आणून पाठीची उंटाच्या मदारीसारखी कमान करायची, की पुढे एक वीत टाकायची. चाहूल लागली की काडी होऊन ताठ उभी! आणि कोशातून बाहेर आला तो तसलाच करडा पतंग.

मावशींना वाटत होतं, बाईच जिंकाव्यात. पण डोळ्यांनी बघितलेलं गिळता येतं थोडंच? पतंग आणि वाढीत मागे राहिलेली एक अळी घेऊन त्या दोघांपुढे उभ्या राहिल्या.

“बाई, राग मानू नका. साहेबांचंच खरं.”

अळी टेबलावर विती टाकत निघाली. बाई हसल्या, “राग कसला? पुरावा आणलात.”

साहेबांनी उगाच चष्मा पुसला. “मावशी, याला त्याच्या खणात तुम्हीच ठेवा.”

पुढे काही वर्षांनी, मावशींच्या कामाच्या शेवटच्या दिवशी बाई म्हणाल्या, “आज राहू द्या हो.”

“का? कसरीला आज सुट्टी आहे?”

मावशींनी एकेक खण ओढला, जुन्या गोळ्या काढल्या, नव्या ठेवल्या. उंटअळीच्या घराण्याचा खण शेवटी लावला आणि नळाशी जाऊन हात कोपरापर्यंत धुतले.