बापानं उचललेला खडा

माझ्यासमोर कुणी मोबाइलवर टीम लावायला बसलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या घरात हा रोग माझ्या पुतण्याला जडलाय. गारखेड्यात तिसऱ्या मजल्यावर लोळत पडायचं आणि इंग्लंडच्या फुटबॉल क्लबानं कुणाला विकावं, अमेरिकेच्या बास्केटबॉलात यंदा कोण जिंकणार, याचे निकाल सांगायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला. परवा म्हणाला, ह्याचा गुडघा गेलाय, आता हा काय कामाचा, आणि एका बोटानं त्या खेळाडूला टीममधून उडवून लावलं. मी त्याच्या हातातला मोबाइल हिसकावून पलंगावर फेकला. घरातले सगळे माझ्यावर धावून आले, म्हातारा सटकला म्हणाले. सटकलो असेन. पण ज्यानं मुंजाबा पाहिला नाही, त्यानं माझ्यापुढं टीम लावू नये.

मुंजाबा हर्सूलचा धनगर. पन्नासेक मेंढरं, चार शेरडं, खांद्यावर घोंगडी आणि अंगात मळकी बंडी. सकाळी सकाळी मेंढरं घेऊन तो आमखास मैदानावर यायचा, कारण पावसाळा सरला की तिथं कडेकडेनं गवत चांगलं राहायचं. त्याच वेळी आमच्या क्लबाची प्रॅक्टिस चालायची. मी क्लबाचा सेक्रेटरी, तात्यासाहेब. मैदानावर माझाच आवाज चालायचा. पहिल्या दिवशी मी त्याला शिव्या घालून हाकलला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. मेंढरं चरायची आणि हा बाभळीखाली उकिडवा बसून आमचा खेळ बघायचा. असं वर्षभर चाललं. फुटबॉलचा एक नियम त्याला कुणी शिकवला नाही.

मग एक दिवस मी पाहिलं तर ह्यानं जमिनीवर अकरा खडे मांडलेले. धनगर लोक मेंढरं खड्यांवर मोजतात. जनावरामागं एक खडा, सगळे खडे एका पिशवीत. संध्याकाळी मेंढरांच्या वाड्यात एकेक मेंढरू शिरलं की एकेक खडा पिशवीत पडायचा. कधी एखादा खडा पिशवीत न टाकता तो बंडीच्या छातीवरच्या खिशात ठेवायचा. का ठेवतो, ते मी कधी विचारलं नाही. आपण गारखेड्याचे जमीनवाले, धनगराला काय विचारायचं!

तर ते अकरा खडे म्हणजे आमची टीम होती. मी विचारलं, हे काय मांडलंस रे? तो म्हणाला, तुमची अकरा बी मेंढरंच हायेत, शेळी कुठं हाय? मेंढरू मान खाली घालून चालतं, पुढच्याच्या ढुंगणामागं. म्हणून कळपाच्या पुढं एक शेळी लागते. ती ताकदीची नसली तरी चालते, मान वर करून चालणारी पाहिजे. त्यानं मधला एक खडा काढला आणि तिथं फकिराच्या नावाचा नवा खडा ठेवला. फकिरा म्हणजे आमचा काडीपैलवान, त्याला मी बाहेर बसवून पाणी वाटायला लावायचो. मला हसू आलं. पण सलग तीन मॅच हरलो होतो, म्हटलं बघू. फकिराला मध्ये घातला आणि पुढच्या चार मॅच आम्ही जिंकलो.

तिथून मुंजाबाचे खडे गाजले. मॅचच्या दिवशी लोक आधी बाभळीखाली जायचे, मग तिकिटाला. मुंबईच्या, गोव्याच्या पगारी टीमा स्पर्धेला आल्या की हा त्यांच्या बसपाशी जाऊन उभा राहायचा. पोरं बसमधून खाली कशी उतरतात तेवढं बघायचा आणि येऊन कोण जिंकणार ते सांगायचा. दहातले आठ अंदाज खरे. शेजारच्या सिमेंटच्या कोर्टावर बास्केटबॉल चालायचं, तेही सोडलं नाही. तिथं पाचच खडे. म्हणायचा, ही शेरडाची जात, उंच डहाळीला तोंड घालणारी, हितं मेंढरू घालू नका. कोर्टावरची पोरं त्याला चहा पाजून टीम लावून घ्यायची.

त्याचा पोरगा सांडू आमचा फॉरवर्ड. मेंढरांमागं धावून धावून त्या पोराच्या पायात वारा शिरला होता. मीच त्याला काठी टाकायला लावली आणि बूट घालायला दिले. बापाला ते आवडलं नाही. तोंडानं काही बोलला नाही, पण मला ते दिसलं. निदान मला तसं वाटलं. आणि मला एकदा एक गोष्ट वाटली की ती दगडावरची रेघ.

साल एक्याण्णव. स्पर्धेच्या फायनलला आम्ही पोचलो आणि निरोप आला, मुंबईच्या एका कंपनीचा साहेब पोरं बघायला येतोय. कंपनीच्या टीममध्ये घेतलं की कायमची नोकरी, पगार, राहायला खोली. आमच्याकडून एकच नाव पुढं जाणार होतं, सांडूचं. त्याची आई बानाबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तात्यासाहेब, पोरगं उन्हातून सावलीत जाऊ द्या. मी तिला शब्द दिला.

आणि फायनलच्या आठ दिवस आधी सांडूचा उजवा गुडघा मुरगळला. प्रॅक्टिसनंतर तो एकटा माझ्याकडं आला, पायजमा वर केला. गुडघा टरटरून सुजलेला. मला म्हणाला, तात्या, काय करू? आता तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? ते तर शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी काय केलं? शहागंजातनं पट्टी आणली, स्वतःच्या हातानं आवळून बांधली, दुखणं मारायच्या गोळ्या दिल्या आणि दम भरला की कुणाला सांगायचं नाही, बापाला तर अजिबातच नाही. माझ्या क्लबाचं पोरगं मुंबईला जाणार होतं. पेपरात नाव येणार होतं. सेक्रेटरीचंही आलं असतं.

फायनलच्या सकाळी बाभळीखाली ही गर्दी. मुंबईचा साहेबही गंमत म्हणून येऊन उभा राहिला. मुंजाबानं अकरा खडे मांडले. समोर मैदानात पोरं अंग मोकळं करत हळूहळू पळत होती. मुंजाबा सांडूकडं बघत बसला. बराच वेळ बघितलं. मग हात पुढं केला, सगळ्यात पुढचा खडा उचलला आणि बंडीच्या खिशात टाकला. खाली दहाच उरले.

लोक हसायला लागले. बापानंच पोराला काढलं, मुंबईच्या साहेबासमोर! साहेब माझ्याकडं बघायला लागला. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मुंजाबा, तो खडा खाली ठेव. तो वर न बघता म्हणाला, "आज धाच खेळवा, तात्यासाहेब."

कारण नाही, काही नाही. तेवढंच. मी लाथ मारली. दहाही खडे उधळले. सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "पोरगं मोठं झालेलं बघवत नाही तुला. जन्मभर मेंढरांमागंच पाहिजे ना?" तो खाली वाकून खडे गोळा करत राहिला. मी फिरून बघितलंसुद्धा नाही.

सांडू खेळला. बाविसाव्या मिनिटाला त्यानं असा गोल मारला की साहेब खुर्चीतून उठला. मी धावत कडेला गेलो आणि बाभळीकडं तोंड करून ओरडलो, बघ, बघ, म्हाताऱ्या! मुंजाबा टाळ्या वाजवत नव्हता. पोराच्या मानेकडं बघत होता. आणि दहा मिनिटांनी सांडू बॉल अडवायला वळला, अंग वळलं आणि गुडघा तिथंच राहिला. तो आवाज मला कडेपर्यंत ऐकू आला. मुंजाबा मेंढरं सोडून पळत आत गेला. मी जागचा हललो नाही.

ऑपरेशन झालं, पाय वाचला, खेळ गेला. साहेब दुसऱ्या क्लबाचा पोरगा घेऊन गेला. आणि मी? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी मारल्या. गावभर सांगत फिरलो की बापाची नजर लागली, बापानं खडा उचलला म्हणून पोरगं मोडलं. लोकांना असलं ऐकायला लई आवडतं. पुढच्या वर्षी बाभळीखाली कुणी फिरकलं नाही. बायका लेकरांना मुंजाबाच्या सावलीतून ओढून न्यायला लागल्या. त्यानं खडे मांडायचं बंद केलं, मग मैदानावर येणंही बंद केलं. सांडूनं एका शब्दानं मला उघडं पाडलं असतं. तो बोलला नाही. मला वाटायचं, पोरगं माझ्या बाजूचं आहे. मीच दम भरून त्याचं तोंड बांधलं होतं, हे मी सोयीनं विसरलो होतो.

तीस वर्षं गेली. आमखासच्या वाटेनं मी जायचं टाळायचो. कुणी मुंजाबाचं नाव काढलं की अंगावर जायचो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. गेल्या दिवाळीनंतर एक दिवस सांडू दारात आला. एका सोसायटीत वॉचमन आहे, उजवा पाय ओढत चालतो. म्हणाला, बाबानं मेंढरं विकली, आता होत नाही, तुम्हाला बोलावलंय.

हर्सूलला गेलो. मुंजाबा ओट्यावर बसलेला, डोळे खोल गेलेले, अंगात तशीच बंडी. बानाबाई नव्हती, ती वारून चार वर्षं झाली होती. मी पहिल्यांदाच त्याला तुम्ही म्हणालो, तब्येत कशी आहे तुमची? त्यानं ते मनावर घेतलं नाही. पुढ्यात खड्यांची पिशवी रिकामी पडली होती. मेंढरं विकली की खडे पण घेणाऱ्याला द्यायचे, अशी त्यांची रीत. मग त्यानं बंडीच्या खिशात हात घातला आणि एक काळा खडा काढून तळहातावर धरला. मी ओळखला.

म्हणाला, लंगडं जनावर कळपात चालवत नाहीत. त्याचा खडा पिशवीतून काढायचा, छातीपाशी ठेवायचा आणि जनावर घरी बांधायचं. बरं झालं की खडा पुन्हा पिशवीत. आणि लंगडं म्हणून तोंडानं म्हणायचं नाही, म्हटलं की दुखणं वाढतं. जनावर पाय लपवतं, पण मान लपवता येत नाही. दर पावलाला सांडूची मान खाली जात होती. येक दिवस घरी ठेवा, एवढंच मी सांगत होतो.

आतून चहा घेऊन आलेला सांडू दारातच थांबला.

मग मुंजाबानं विचारलं, ज्यासाठी मला बोलावलं होतं ते. "तात्यासाहेब, तुमचा तर जन्म गेला मैदानावर. तुमाला खरंच दिसलं नव्हतं?"

तीस वर्षं म्हातारा तेवढाच विचार करत बसला होता. नाही म्हणणं सोपं होतं. सांडू मानसुद्धा हलवणार नव्हता, हे मला माहीत होतं. त्याच्याकडं बघितलं आणि मला माझीच किळस आली.

म्हणालो, "दिसलं होतं. आठ दिवस आधी. पट्टी मीच बांधली होती."

मुंजाबानं पोराकडं बघितलं. सांडूनं मान खाली घातली. मला वाटलं, आता हा काठी घेईल. घेतली असती तर बरं झालं असतं. त्यानं माझा हात ओढला, तो खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटवली.

"मंग ह्यो तुमच्याकडं असू द्या. ज्याच्या राखणीत जनावर मोडलं, खडा त्याच्या खिशात. मी उगाच ठिवला इतकी वर्सं."

चहा प्यायलो. महिन्याभरानं मुंजाबा गेला. सांडूला मी म्हटलं, हा खडा तू घे, तुझा आहे. तो म्हणाला, नको तात्या, बरं झाल्यावर द्या.

खडा माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. परवा पुतण्याच्या अंगावर गेलो, तेव्हा तो छातीला टोचत होता.