कौलं आणि तक्तपोशीच्या मधे

दहा-अकरा वर्षं ज्या माणसाच्या घरात मी भाडं भरून राहिलो, त्यानं एका सकाळी भर गल्लीत मला 'पावणं' म्हटलं. कोल्हापुरात हा शब्द एसटी स्टँडवर रस्ता विचारणाऱ्याला वापरतात. शिवी दिली असती तर मी तिथल्या तिथं परत दिली असती आणि विषय मिटला असता. 'पावणं' म्हटल्यावर परत काय देणार? तो शब्द अजून माझ्या पोटात आहे.

मी म्हशींचा व्यापारी. आमच्याकडं हेडी म्हणतात. वडिलांनी मागं काही ठेवलं नव्हतं. दुसऱ्यांची जनावरं बाजारात हाकत नेता नेता दात बघायला शिकलो, कास बघायला शिकलो, मग स्वतःची एक म्हैस घेतली, विकली, दोन घेतल्या. पंधरा मिनिटं माझ्याशी बोलून माणूस आपल्या भावात म्हैस घेऊन गेला असं सहसा होत नाही. रागही मला पटकन येतो. धंद्यात त्याचा उपयोग होतो.

घरमालक अण्णा जैन समाजाचे, वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे. तरुणपणी सांगलीत हळदीच्या पेठेत होते, नंतर इथं गुळाची अडत केली. आता मुलगा बाहेरगावी, पत्नी वारलेली, जेवण पुतण्याच्या घरून येई. घर दुमजली, कौलारू. खाली अण्णा, वर आम्ही. वर दोनच खोल्या. एकीत झोपायचं, दुसरीत माझ्या बायकोचं स्वयंपाकघर. पाणी आणि मोरी त्या एकाच खोलीत. कौलांच्या खाली लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत. कौलं आणि फळ्या यांच्या मधे वाकून मांजर फिरेल एवढी जागा.

ते स्वयंपाकघर म्हणजे साधी खोली नव्हती. एका वर्षी माझा धंदा पार बसला होता, तेव्हा बायकोनं नर्सिंग कॉलेजच्या मुलींना डबे द्यायला सुरुवात केली. त्या वर्षी घर तिच्या डब्यांवर चाललं. माझा धंदा सावरल्यावर मी म्हटलं, आता बंद कर. ती म्हणाली, "तुमचा धंदा तुमचा, माझा माझा." डबे चालूच राहिले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत डबेवाल्या मुली गावाला गेल्या होत्या. एका संध्याकाळी मी घरात आलो तर घनसाळ तांदळाचा भात शिजल्याचा वास. आजऱ्याकडचा तो तांदूळ आमच्याकडं सणाला शिजतो. मी खुशीत विचारलं, आज काय विशेष? बायको म्हणाली, चूल पेटलेलीच नाही. दुसऱ्या दिवशी तसाच वास. तिसऱ्या दिवशी तक्तपोशीवर ओल उमटली आणि वास भाताचा राहिला नाही. मी स्टुलावर चढून एक फळी सरकवली. अंधारात दोन डोळे. त्यांच्या मागं काहीतरी लहान लहान हलत होतं.

उदमांजर. कौल सरकलेल्या फटीतून आत आलेलं आणि तिथंच व्यालेलं. त्याच्या अंगालाच सुवासिक भातासारखा वास असतो. ओल झिरपत होती ती बरोबर बायकोच्या ओट्यावर.

मी सरळ खाली गेलो. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, घराची आतली स्वच्छता भाडेकरूची, करारात लिहिलंय. मी म्हटलं, छप्पर मालकाचं हेही लिहिलंय. करार दोघांनी बघितला. कौलं आणि तक्तपोशीच्या मधल्या जागेबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मग अण्णा म्हणाले, तुम्ही वर केळीचा घड टांगता, त्या वासानं ते आलं, म्हणजे बोलावलं तुम्ही. हे ऐकून माझं डोकं फिरलं. आम्ही बोलत बोलत दारात आलो, दारातून गल्लीत आलो. दूधवाला थांबला, समोरच्या माडीवरची माणसं कठड्याला आली.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अण्णा, माझ्या दावणीला म्हस असली तर ती माझी. हे जनावर तुमच्या छपरात व्यालंय. तवा आईबी तुमची आन् पिल्लंबी तुमची."

अण्णा आवाज चढवत नाहीत. ते म्हणाले, "पावणं, छप्पर माझं हाय, जनावर देवाचं हाय. राहिला वास, तो तुमचा."

गल्ली हसली. दूधवाला तर किटली खाली ठेवून हसला.

त्या दिवशी मी वनखात्याला फोन केला. त्यांचा माणूस आला, बॅटरीनं बघून गेला. त्यानं सांगितलं की हा संरक्षित प्राणी आहे, पकडायचा नाही, हुसकायचा नाही, विष तर अजिबात नाही. पिल्लं चालती झाली की आई स्वतःच घेऊन जाते, मग फट बुजवा. विष अण्णांनी तसंही चालवून घेतलं नसतं. त्यांच्या घरात उंदरालाही कोणी मारत नाही.

'चालती झाली की' एवढंच मी धरून ठेवलं. माझा हिशेब म्हशीचा. रेडकू जन्मल्यावर थोड्या वेळात धडपडत उभं राहतं आणि आईच्या मागं लागतं. मांजराला असा किती वेळ लागणार?

फट बुजवायची कधी यावर आम्ही पुन्हा दोनदा भांडलो. तिसऱ्यांदा मी गेलो तेव्हा अण्णा सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसले होते. माझ्या खांद्यावरच्या टॉवेलकडं बघून ते म्हणाले, तोंडानं बोललं की आपण भांडतो, टाका तो हातावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जनावरांच्या बाजारात आम्ही भाव तोंडानं करत नाही. दोघांचे हात टॉवेलाखाली जातात आणि बोटं धरून आकडा सांगायचा. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. एक, दहा की हजार हेही कोणी बोलत नाही, समोरचं जनावर बघून दोघांना ते माहीत असतं. हात सुटले की सौदा पक्का. नंतर तो आकडा तोंडावर आणायचा नाही, आणला तर माणसाची पत जाते. जुन्या हळदीच्या पेठेत हीच पद्धत होती, त्यामुळं अण्णांचा हातही तयार होता.

मी एक बोट धरलं. त्यांनी माझी पाच दाबली. मी दोन. त्यांनी चार. माणूस म्हातारा, पण पकड बघण्यासारखी. शेवटी तीनवर दोघं थांबलो. हात सोडले. त्यांनी मला ताक दिलं. कितीतरी दिवसांनी मी त्या सोप्यात बसून ताक प्यालो.

वर येऊन बायकोला सांगितलं, तीन आठवडे. आम्ही हेडी लोक दिवस मोजत नाही, बाजार मोजतो. या बाजारी, पुढच्या बाजारी. तीन बोटं म्हणजे तीन बाजार. मला तर वाटलं मी त्या मांजराला दिलदारपणे मुदत दिली. बायकोनं कॅलेंडर बघितलं. तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी कॉलेज उघडत होतं. तेवढ्यात फट बुजवून, फळ्या धुऊन, खोली वापरात आली असती. ती म्हणाली, जमंल.

तिसरा बाजार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गवंडी घेऊन आलो. शिडी लावली, सिमेंट कालवलं. अण्णा बाहेर आले आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसले.

मी म्हटलं, सौदा झालाय. ते म्हणाले, झालाय, आणि मुदत संपलेली नाही. मी म्हटलं, तीन. ते म्हणाले, तीनच. पण पुढचा शब्द काढायचा कोणी? शेवटी त्यांनीच काढला. अडतीचा माणूस, त्यांचं सगळं देणं-घेणं महिन्यावर चाललेलं. त्यांच्या हाताला तीन म्हणजे तीन महिने.

"म्हंजे गणपतीपातूर माझी बायको त्या घाणीत सैपाक करणार?" मी ओरडलो.

"आत तीन जीव हाईत," अण्णा म्हणाले. "तुम्ही फट बुजवली की ते आतच मरणार. मग वास किती येतोय ते बघा."

"पिल्लं चालत असतील आता."

"बघितलासा?"

बघितलं नव्हतं. गवंडी थापी मांडीवर ठेवून एकदा माझ्याकडं आणि एकदा त्यांच्याकडं बघत होता. गल्ली पुन्हा गोळा व्हायला लागली होती. मी म्हटलं, आकडा तोंडावर आणला तुम्ही, पत गेली तुमची. ते म्हणाले, बाजाराचा माणूस, एकक न विचारता हात सोडलासा. दोघांचं म्हणणं बरोबर होतं, आणि माझं थोडं जास्त बरोबर होतं हे मी आजही म्हणेन.

तेवढ्यात बायको खाली आली. हात कोपरापर्यंत ओले, पदर खोचलेला. ती माझ्याकडं न बघता अण्णांसमोर उभी राहिली.

"तुमी कुणी किती बोटं धरली ते तुमचं तुमी बघा," ती म्हणाली. "मला सोमवारी डबे द्यायचेत. न्हाय दिले तर पोरी दुसरीकडं जाणार. त्या मांजराचं लेकरांसकट कुठं काय करायचं त्यावर महिनाभर भांडलासा. मी चूल कुठं मांडायची, हे कोण बोललं का?"

गवंड्यानं थापी घमेल्यात टाकली.

अण्णा शिडीवरून उठले आणि आत गेले. मला वाटलं, संपलं, आता नोटीस देणार. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात किल्ली होती. खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला त्यांचं स्वयंपाकघर होतं. त्यांची पत्नी, जिला सगळी गल्ली आक्का म्हणायची, गेल्यापासून ते उघडलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. त्यांनी किल्ली बायकोच्या ओल्या हातावर ठेवली.

"मास, अंडं न्हाय चालायचं. कांदा-लसूण न्हाय. हिंग बक्कळ हाय आत."

मी लगेच म्हटलं, बिनकांद्याचा डबा कोल्हापुरात कोण खाणार, अण्णा, निदान कांद्याला तरी... बायकोनं हातानंच मला थांबवलं. ती म्हणाली, "चालंल." एवढा मोठा सौदा एका शब्दात. माझ्या डोळ्यांदेखत.

सोमवारी डबे गेले. हिंगाची आमटी, दोडक्याची भाजी, खोबऱ्याची चटणी. पहिल्या दिवशी दोघी-तिघींनी कुरकुर केली. मी सांगितलं होतं की आठवड्यात सगळ्या पळतील. पळाल्या नाहीत. उलट जवळच्या बोर्डिंगमधल्या काही जैन मुलीही डबा घ्यायला लागल्या, त्यांना असा डबा बाहेर मिळत नव्हता. हे माझ्या हिशेबात आलं नव्हतं. अण्णा सुरुवातीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसत आणि पळ्या टांगायचं पळीताट कुठं, डब्यांची झाकणं कुठं ते सांगत. काही दिवसांनी त्यांनी पुतण्याला सांगून आपलं जेवण बंद केलं. पहिलं ताट त्यांचं वाढायचं, हे कधी ठरलं मला माहीत नाही. मला विचारलेलं नव्हतं.

पावसाची उघडीप होती अशा एका दिवशी, दिवेलागणीला, मी आणि अण्णा अंगणात उभे होतो. कौलावर आधी आई आली. तिच्यामागून एक पिल्लू, मग दुसरं. दुसरं कौलाच्या कडेला आलं आणि तिथंच दबून बसलं. आई परत फिरली, त्याच्याजवळ जाऊन थांबली. ओढलं नाही, ढकललं नाही. बऱ्याच वेळानं ते उठलं आणि तिघंही कुंपणाच्या भिंतीवरून मागच्या उंबराच्या झाडाकडं गेली. मी इतकी जनावरं हाताळली, पण आई-पिल्लं एवढा वेळ नुसती उभं राहून मी कधी पाहिली नव्हती. माझ्या धंद्यात बघतो तो बघताना भाव करत असतो.

पुढं काही दिवस ती परत आली नाहीत. अण्णांनी स्वतः कान लावून खात्री केली, तेव्हाच शिडी लागली. त्यांचे तीन महिने झाले नव्हते आणि माझे तीन आठवडे केव्हाच उलटले होते. गवंडी तोच. यावेळी अण्णा शिडी धरून उभे होते.

करार नवा करताना मी अडून बसलो. कौलं आणि तक्तपोशीच्या मधली जागा मालकाची, असं लिहून घेतलंच. 'तिथं जनावर आल्यास बंदोबस्त मालकाने करावा' असं माझं वाक्य होतं. अण्णांनी 'जनावर' खोडून 'जीव' लिहिलं आणि 'बंदोबस्त' खोडून 'व्यवस्था'. जनावर सोडायला मी तयार नव्हतो, माझ्या धंद्याचा शब्द आहे तो. पण बायको मधे पडली. तिनं वरच्या खोलीत परत जायला नकार दिला होता आणि खालच्या स्वयंपाकघराचा तिला वेगळा करार हवा होता, स्वतःच्या नावावर. माझ्या एका शब्दासाठी तिचा कागद अडू नये, म्हणून मी 'जीव' मान्य केला. त्या करारावर माझी सही साक्षीदार म्हणून आहे. आमच्या घरात साक्षीदाराला काय किंमत असते ते मला आता कळतंय.

आता तिला गल्लीच्या बाजूला खिडकी हवी आहे. मुलींनी बाहेरूनच डबा घ्यावा, आतून वळसा नको. परवा ती आणि अण्णा त्यावर बोलत होते. मी मधे तोंड घातलं तर दोघांनीही माझ्याकडं असं बघितलं की मी चहा घेऊन बाजूला झालो.

अण्णा म्हणाले, "भिंत माझी, खिडकी तुमची. त्यातनं काय आत आलं तर ते तुमचं बघा."

"येऊ दे की," ती म्हणाली. "माझे डबे तर बाहेर जातील."

आज सकाळपासून गवंडी भिंत फोडतोय. माझ्या चहात चुना पडतो, त्याची भरपाई कोणत्या करारात बसते ते मी शोधणार आहे. भोक अजून वीतभरच झालंय, पण तेवढ्यातूनही स्वयंपाकघरात ऊन आलंय, आणि बायको त्या उजेडात भाजी निवडत बसली आहे.