कावळे बाजारात गेले होते

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा दहावा नेमका रविवारी आला. मरण काही वार बघून येत नाही, त्यामुळं त्यात कुणाची चूक नाही. पण थंडीच्या दिवसांत वाईला नदीकाठी रविवारचा एक नवा बाजार भरतो, आणि पुढचा सगळा घोळ त्या बाजारानं झाला.

हा बाजार भाजीपाल्याचा नव्हे. आसपासच्या बायका, पोरी, कुठं नवराबायको मिळून, घरी केलेलं काहीबाही घेऊन येतात. चार बांबू, वर रंगीत कापड, पुढं टेबल, की झालं दुकान. पावसाळा सरून नदीचं पाणी उतरलं की तो सुरू होतो आणि होळीच्या आगेमागे उठून जातो. दर वर्षी माणसं निराळी आणि मांडायच्या जागाही निराळ्या. बाजार भरतो घाटाच्या वरच्या पटांगणात, आणि पायऱ्या उतरून खालच्या अंगाला गेलं की वडाखाली दहाव्याचा कट्टा. वर जत्रा, खाली आम्ही.

जाऊबाईंना मी आक्का म्हणायचे. लग्न होऊन आले तेव्हा भाकरी थापायला तिनंच शिकवलं, म्हणजे माझ्या पहिल्या भाकरीला ती आठवडाभर हसली आणि मग शिकवलं. तिचं माहेर आष्ट्याचं. तिकडच्या वांग्यांपुढं इकडच्या वांग्याला ती वांगं म्हणायला तयार नसे. "नदी तर एकच की गं दोन्हीकडं," मी म्हणायचे. "नदी एक हाय, माती न्हाई," असं तिचं उत्तर ठरलेलं.

तर त्या दिवशी गुरुजींनी पिंड मांडले. शेजारी पानावर तिच्या आवडीचं सगळं ठेवलं. पुरणपोळी होती, तिच्या भाच्यानं मुद्दाम आष्ट्याहून आणलेल्या वांग्यांचं भरीत होतं, वाटीत चहा होता. मग आम्ही सगळे मागं सरून उभे राहिलो आणि कावळ्याची वाट बघू लागलो. कावळा शिवला की मेलेलं माणूस समाधानानं गेलं. नाही शिवला तर त्याचं काहीतरी मागं अडकलंय.

आमच्या मालकांच्या वेळी पिंड ठेवून गुरुजींनी हात मागं घेतला नाही तोवर कावळा हजर. सगळे म्हणाले, किती समाधानी माणूस. मला मात्र तेव्हा मनातून रागच आला होता. एवढी काय घाई? माझ्यात काहीच अडकलं नव्हतं की काय?

आक्काच्या पिंडाला काही केल्या कावळा येईना. वडावर एकसुद्धा नव्हता. एरवी ह्या कट्ट्यावर हाकलून जात नाहीत इतके असतात.

मग नेहमीचं सुरू झालं. आक्काची इच्छा काय राहिली असंल ते एकेक जण आठवून पुढं येऊन बोलू लागला. कुणी म्हणालं, तुझ्या गाईचं आम्ही बघू. कुणी म्हणालं, देवीची ओटी भरू. तिचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, पुण्याला नोकरीला असतो. तो हात जोडून म्हणाला, "आई, आबांची काळजी करू नकोस. त्यांना मी माझ्याकडं पुण्याला नेतो." तेवढ्यात लांबून एक कावळा खरोखर वडाच्या दिशेनं येत होता. तो वळला आणि निघून गेला.

"तू गप ऱ्हा जरा," मी पुतण्याला म्हटलं.

थोरले दीर, म्हणजे त्याचे आबा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. बोलणं कमी. ते सकाळपासून पाण्याच्या कडेला ताठ उभे होते, पोटात काही नाही, गुडघे दुखतात तरी बसायला तयार नाहीत. ऊन चढलं तसं गुरुजींनी दर्भाची जुडी हातात घेतली. कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, तशी सोय आहे. दिरांनी नुसती मान हलवली.

"गवताचा न्हाई चालायचा."

"अहो सुभेदार, शास्त्रात आहे हे."

"असंल. तिला खरा पायजे. तवर मी हितनं हालत न्हाई."

आता ह्या वयाचा माणूस उपाशीपोटी उन्हात किती उभा राहणार? मला वेगळीच धास्ती लागली, आक्कामागोमाग ह्यांचंही काही होऊन बसायचं. माझं डोकं चालेना. आक्काला काय पाहिजे होतं? तिच्याजवळ सगळ्यात जास्त मीच होते. मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार?

तेव्हाच वर बघितलं आणि एकदम दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे, सगळे कावळे बाजारावर घिरट्या घालत होते. आणि दुसरी, मागच्या वर्षी मी आणि आक्का ह्याच बाजारात आलो होतो. तिथं एका दुकानापाशी ती लई वेळ उभी राहिली होती. मी हाक मारली तेव्हा म्हणाली, "ऱ्हाऊ दे, फुडल्या साली बघू." काय बघू, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. त्या दुकानाचं मला एवढंच आठवत होतं की वर निळं कापड होतं आणि मागं चष्म्याची बाई.

कुणाला काही न सांगता मी पायऱ्या चढून वर गेले.

वर गेले आणि माझं उरलंसुरलं भानही गेलं. बघावं तिकडं निळं कापड. चष्मा तर आता कुणाला नाही? कुठं साबणाच्या वड्या मांडलेल्या, कुठं महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पेल्यात घालून वर मलई, कुठं सांगलीकडचे बेदाणे आणि हळद, एकीकडं घोंगडीच्या कापडाच्या पिशव्या. प्रत्येक टेबलावर पैसे द्यायचा तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन. मला सुतक, म्हणजे कुणाला शिवायचं नाही, म्हणून पदर गच्च आवळून गर्दीतून आडवी-तिडवी चालले होते. आणि जो तो माझ्या हातात खायला देतोय.

"आजी, नाचणीचं बिस्कीट. चव तर बघा."

"नको बाळ, सुतक आहे मला."

पोरगी गोरीमोरी झाली. सुतक म्हणजे काय ते तिला कळलं नसावं. "उपवासाचं पण आहे आजी, राजगिऱ्याचं," म्हणाली.

"उपवास नाही गं. मागच्या वर्षी ह्या जागेवर कोण बाई बसायची?"

"मागच्या वर्षी? आम्ही याच वर्षी आलो."

पुढच्या दुकानात तेच विचारलं. तेही याच वर्षीचे. पिशव्यावाला मागच्या वर्षी होता, पण तेव्हा तो दुसऱ्या टोकाला होता आणि त्याच्या शेजारी लोणच्याची बाई होती, का मेणबत्त्यांची, त्याला नक्की आठवेना. "काय विकत होती ती, ते सांगा ना," तो म्हणाला. तेच तर मला पाहिजे होतं! मी काय शोधतेय ते मलाच ठाऊक नाही आणि मी लोकांना पत्ता विचारतेय. एका जागी तर मी दोनदा जाऊन तेच विचारलं. ती बाई म्हणाली, "आवं, मगाशी सांगितलं की तुमास्नी."

अशी फिरत फिरत मी बाजाराच्या टोकाला आले, आणि तिथं कावळे सापडले. सगळेच्या सगळे. मक्याच्या भज्यांचं दुकान होतं. कढई उकळतेय, पुढं माणसांची रांग. ज्यांना मिळालीत ते कठड्याशी उभं राहून खातायत, आणि त्यांची पोरं तुकडे उडवतायत. कावळे ते वरच्यावर झेलतायत. आईबाप मोबाईल धरून पोरांचे फोटो काढतायत. कावळ्यांची अशी चंगळ मी जन्मात बघितली नव्हती. खाली आमचा भात कोण विचारतो?

भजीवाली माझ्या सुनेच्या वयाची, कमरेला पदर खोचलेला. मी बाजूला उभी राहिले. कावळे द्या म्हणून सांगायचं का?

"आजी, रांगंतनं या," ती झारा हलवत म्हणाली.

"मला भजी नकोत."

"मग काय पायजे?"

"कावळं," मी म्हटलं, आणि मला रडूच आलं. दहा दिवसांत आलं नव्हतं ते तिथं, भज्यांच्या धुरात आलं.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग कठड्यावरून खाली वडाकडं बघितलं. "आवं, मग आधी सांगायचं न्हाई व्हय! माझ्या सासूला ह्या मेल्यांनी अख्खी दुपार लावली हुती." तिनं शेगडी बंद केली, कढईवर परात उपडी घातली आणि ओरडली, "ए, झाका गं समद्या! खाली पिंड ठेवल्यात. कुणी काय उडवू नका!"

रांगेतला एक जण म्हणाला, "ताई, आमच्या प्लेटीचं काय?"

"थांबा जरा. आधी खालची पंगत. तुमचा नंबर मागनं."

"पण आम्ही पैसे दिलेत."

"मग काय, कावळं काय फुकट जेवणार हायत व्हय? त्यांच्यासाठी बी कोणतरी मेलंय!"

लोक हसले, थोडे शरमले. बिस्किटाच्या पोरीनं डब्यांना झाकणं लावली. स्ट्रॉबेरीवर कापडं पडली. एका बाईनं पोराच्या हातातलं भजं काढून पदराखाली धरलं, तर ते पोर असं भोकाड पसरून रडलं की विचारू नका. कावळे थोडा वेळ मांडवांवर बसून काव काव करत राहिले, मग एकेक करून उठले.

मी कठडा धरून उभी होते. मनात म्हटलं, आक्का, तू उभी होतीस ते दुकान मी हुडकते. जे काय असंल ते आणते. आता खा की गं.

खालून गलका झाला, "शिवला! शिवला!" मला इतक्या लांबून नीट दिसलंही नाही.

मी पायऱ्या उतरून गेले तोवर दीर खाली बसलेले. कुणीतरी त्यांना पाणी देत होतं. मी विचारलं, कसा शिवला? तर पुतण्या म्हणाला, "काकी, मी कबूल केलं. म्हटलं, आई, न्हाई नेत आबांना पुण्याला. त्यांचं घर हितं हाय, हितंच राहू दे, मीच येत जाईन दर रविवारी. एवढं म्हणायला आणि कावळा उतरायला एकच गाठ."

मी म्हटलं, "पण मी वरनं..." आणि दिरांकडं वळले.

दिरांना विचारलं, "भावजी, तुमी काय बोलला तिला?"

"काय न्हाई."

"काहीतरी म्हणाला असाल की."

"गुडघं भरून आलं, म्हणून खाली बसलो. बसलो आणि आला."

मला एकदम आक्काचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला. जन्मभर ती ह्या माणसाला एकच सांगत होती, आवं, बसा की जरा. म्हणजे एवढंच पाहिजे होतं तिला? का मुलानं पुण्याचं रद्द केलं ते पाहिजे होतं? का निळ्या कापडाखालचं ते काहीतरी? का काहीच नको होतं, आणि नुसती भज्यांची कढई झाकायचीच खोटी होती? भाचा तर सांगत होता की जो कावळा शिवला, त्याच्या चोचीत आधीचा भज्याचा तुकडा तसाच होता. मी गुरुजींना विचारलं, हे धरायचं का? ते दर्भ गुंडाळत म्हणाले, "आजी, शिवला ना? मग घरी चला. त्यांना जेवायला घाला."

घातलं. दीर दोन पोळ्या जेवले. पण माझ्या मनाचा गुंता सुटला नाही. आणि कुठल्या वचनाला आक्का भुलली ते कळेना, म्हणून आम्ही सगळीच पाळतो आहोत. कुठलं मोडलं तर चालेल, हे सांगणार कोण?

पुतण्या दर रविवारी पुण्याहून येतो. पहिल्यांदा तोंड पाडून यायचा, आता येताना पोरांनाही आणतो. मग मी त्याला म्हणते, मला वाईला सोड. मी बाजार फिरते, निळं कापड आणि चष्मा बघत, आणि मागच्या वर्षी इथं कोण होतं ते विचारत. आता सगळे मला ओळखतात. बिस्किटाची पोरगी लांबूनच मान हलवते, आज पण नाही आल्या त्या, आजी. ती चष्म्याची बाई यायची बंद झाली असेल, नाहीतर मी दर रविवारी तिच्याच पुढून जात असेन. आक्कानं तिथं काय बघितलं, बघितलं का नुसतीच पाय दुखले म्हणून थांबली, तेही मी आता खात्रीनं सांगू शकत नाही.

आणि एक नवीनच होऊन बसलंय. खाली वडाखाली माणसं जमलेली दिसली की भजीवाली आपणहून शेगडी बंद करते आणि बाकीच्याही झाकतात. खालच्यांना वाटतं, काय भाग्याचं माणूस, लगेच शिवला. मला ते बघून बरंही वाटतं आणि कसंतरीही होतं. लोकांच्या मनातली इच्छा बोलून होण्याआधीच कावळा येऊन जातो.

दीर माझ्याबरोबर येतात, पण बाजारात शिरत नाहीत. वरच्या पायरीवर बसतात. बसायचं कबूल केलंय ना! मी दमून येते, कागदात भजी घेऊन.

"घावलं काय?" ते विचारतात.

"न्हाई वो."

"बरं."

पहिलं भजं ते मोडून पायरीवर ठेवतात. कावळा टपलेलाच असतो, उचलून जातो. मग ते खातात, आणि मला म्हणतात, "बसा की जरा. होळीला अजून वेळ हाय."